गाबोळीची मॉली

मालवणच्या मासळी बाजारात सुभद्राचा हात धरणारं कोणी नव्हतं. बोटाने पोटावर जरासं दाबलं की मासा आजचा की कालचा हे ती सांगायची, आणि गिऱ्हाइकाने वाद घातलाच तर त्याच्या आजोबापणजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. तोंडाचा पट्टा असा, की शेजारच्या बायका आपला धंदा सोडून तिचं भांडण ऐकत बसायच्या.

पण गेले काही महिने ही बाई घरात पाऊल टाकलं की गप्प व्हायची. मागच्या खोलीत तिची सून समीक्षा कुशीवर पडून असायची. समीक्षाला याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पदरात काही पडलं नव्हतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी शाळेची नोकरी, स्वयंपाक, सगळं बंद करून तिला झोपवून ठेवलं होतं. नवरा सुशांत जहाजावर. त्याचा फोन यायचा तो जहाजाला नेट मिळेल तेव्हा. घरात उरल्या या दोघी. बाळाचं नाव काढायचं नाही असा नियम कोणी घातला नव्हता, पण दोघीही पाळत होत्या. कोणी आल्यागेल्याने हौसेने विषय काढला, की समीक्षा भिंतीकडे तोंड करायची.

मासळीचा वास तिला सोसत नसे. म्हणून सुभद्रा बाजारातून आली की मागच्या दारी कढत पाण्याने आंघोळ करायची, हाताला लिंबू चोळायची आणि मगच सुनेच्या खोलीत जायची. "होतला गो सगळा बरा," एवढंच बोलायची. आपलं बोलणं किती पोकळ आहे हे तिचं तिलाच कळायचं. मूल राहील की नाही ते देवाच्या हातात. पण ही पोर आशाच सोडून बसली तर तिला सावरायची कशी, या काळजीने सुभद्रा आतून खंगत चालली होती.

एकदा डॉक्टरीणबाईंकडे नंबर यायची वाट बघताना समीक्षा तिथल्या काचेच्या टाकीतले मासे बघत बसली. नाव पुकारलेलंही तिला ऐकू आलं नाही. सुभद्राने ते नेमकं हेरलं आणि त्याच आठवड्यात कुडाळला जाऊन टाकीवाल्याचं दुकान गाठलं.

दुकानदार गुरुप्रसाद तरुण आणि भलता सोशिक होता. त्याने घरी येऊन समीक्षाच्या खोलीत खाटेसमोर टाकी मांडून दिली, पाणी भरून यंत्र सुरू केलं, आणि ते पाणी आठवडाभर मुरू द्या, मग मासे न्या, असं बजावलं. आठवड्याने सुभद्रा दुकानात हजर.

"माका नुसते देखणे नको," ती म्हणाली. "माझी सून दिवसभर पडान आसता. तिचो येळ जावक व्हयो. काय तरी करणारे मासे दी."

गुरुप्रसादला अशी गिऱ्हाइकं आवडायची. त्याने काचेला तोंड लावून चिकटून बसणारा दाखवला. पोटाखालच्या दोन लांब दोऱ्यांनी वाटेतली प्रत्येक वस्तू चाचपत जाणारा गोरामी दाखवला. आडवा होऊन मेल्यासारखा झोपणारा, पट्ट्यापट्ट्यांचा लोच दाखवला. फायटर मात्र एकटाच ठेवावा लागेल, नाहीतर दुसऱ्याशी मारामारी करतो, म्हणाला.

"भांडकुदळ नको. मी आसय ना घरात," सुभद्रा म्हणाली.

शेवटी काळ्याभोर मॉलीची पाळी आली. गुरुप्रसाद जाळीने एक बारीकशी, चपळ मॉली पकडू लागला आणि सुभद्रातली मासेवाली जागी झाली. चांगली भरलेली सोडून हडकुळी गळ्यात मारतोस काय मेल्या, म्हणत तिने टाकीतली सर्वांत मोठ्या पोटाची मॉली बोटाने दाखवली. गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेला मासा म्हणजे उत्तम मासा, हे तिच्या हाडात भिनलेलं.

"अवो मावशी, पण ती..."

"माका शिकव नको. मासे इकण्यात जल्म गेलो माझो."

त्याने हात टेकले आणि गोरामी नि लोचसोबत तीच मॉली पिशवीत घातली. रोज लोकांना मालवणचे मासे खाऊ घालणारी बाई कुडाळहून मालवणला मासे घेऊन चाललीय, यावर एसटीत बरीच चेष्टा झाली. एकाने तर याचं कालवण किती जणांना पुरेल म्हणून विचारलं. सुभद्राने एरवी त्याची सालटी काढली असती. त्या दिवशी दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून ती नुसती हसत राहिली.

पहिल्याच संध्याकाळी लोच आडवा पडला. सुभद्रा हळहळली. सुनेच्या नजरेला पडायच्या आत हा काढून टाकावा म्हणून तिने हळूच हात घातला, तसा तो मेलेला मासा टुणकन उठून दगडामागे पळाला. सुभद्रा ओरडून मागे सरली आणि मागून हसणं ऐकू आलं. समीक्षा तोंडावर पदर दाबून हसत होती. किती दिवसांनी हसली पोर! सुभद्राने मग आणखी दोनदा मुद्दाम फसून दाखवलं.

पुढचे दिवस बरे गेले. गोरामी कसा बोटामागे काचेवर येतो, काळी मॉली कशी सगळ्यांच्या आधी खायला धावते, हे समीक्षा सांगायची. काळीचं पोट वाढत होतं. खादाड म्हणून दोघी तिला नावं ठेवायच्या.

एका दुपारी सुभद्रा बाजारातून येऊन मागच्या दारी टोपली उतरवत होती. आतून किंकाळी आली, "आई!"

आंघोळ नाही, हात धुतलेले नाहीत, तशीच सुभद्रा धावली. समीक्षा टाकीशी उभी होती आणि कोपरापर्यंत हात पाण्यात होता. आधी सुभद्राने तिच्या साडीकडे, मग जमिनीकडे बघितलं. कुठेही रक्ताचा डाग नव्हता. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"पिल्लां झाली तिका! आणि ते खातत, आई! ती सोताच खाता!"

तांदळाच्या कण्यांएवढे काळे जीव पाण्यात सैरावैरा पळत होते. गोरामी त्यांच्या मागे लागला होता, आणि त्याच्याही पुढे होती त्यांची आई. सुभद्राने सुनेला धरून खाटेवर बसवलं, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत टाकीतलंच पाणी घेतलं आणि चहाची गाळणी घेऊन टाकीत हात घातला. जन्मभर मासळी हाताळलेल्या त्या हातांना एक पिल्लू धड सापडेना. खाटेवरून समीक्षा ओरडत होती, "थंय नाय, दगडामागे! आई, वयर बघा!" बरणीत अखेर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. बाकीची गेली.

सुभद्रा ओल्या हातांनी खाली बसली.

"माझाच चुकला," ती म्हणाली. "तो दुकानवालो सांगूक बघी होतो. गाबोळी नाय, जिती पिल्लां होती ती. मी पोट बघलंय आणि घेतलंय."

समीक्षा बरणीकडे बघत होती. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं. मग म्हणाली, "माझी दोन गेली, ती माका बघूकच गावली नाय, आई. कशी होती, काय होती. कोण तेंचा नाव पण काढणा नाय."

होतला सगळा बरा, हे सुभद्राच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ती उठली, मासळीच्या वासाच्या त्याच साडीनिशी खाटेवर बसली आणि सुनेचं डोकं तिने छातीशी धरलं. "मी काढूक नाय, म्हणान माका आठवणत नाय असा नाय गो," ती म्हणाली. "रोज आठवतत. दिवो लावतंय तेवा पयली तीच दोगां डोळ्यांसमोर येतत." समीक्षा मोठ्याने रडली. वास येतो म्हणून तिने मान फिरवली नाही. सुभद्राही रडली. दोघींनी मिळून रडायला त्यांना इतके महिने लागले होते.

त्यानंतर बरणी समीक्षाच्या उशाशी राहिली. गुरुप्रसादला फोनवर विचारून ती पिल्लांना खाणं कुटून चिमूटभर घालायची, आणि सुभद्रा तिच्या सांगण्याप्रमाणे पाणी बदलायची. काही आठवड्यांत पिल्लं चांगली नखाएवढी झाली, बरणी त्यांना पुरेना.

"आता घालूया काय तेंका टाकीत?" सुभद्राने विचारलं. "तो गोरामी आता तेंका गिळूक शकाचो नाय."

समीक्षाने बरणी उजेडाकडे धरून एकेक पिल्लू निरखलं. "इतक्यात नको," ती म्हणाली. "दुसरी मोठी बरणी हाडा. बाळ इला की तेच्यासमोर सोडूया. तेका पण बघूक व्हयी ना."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्याही ध्यानात आलं. तिने शब्द मागे घेतला नाही. दुसरा हात पोटावर ठेवून ती सासूकडे बघत राहिली.

अख्ख्या बाजाराला पुरून उरणारी सुभद्रा तडक उठली. "हाडतंय," एवढंच ती म्हणाली, आणि भरउन्हात बरणी आणायला बाहेर पडली.