वांगी परत मागणारी मावशी

गिऱ्हाईक परत पाठवण्यात माझ्या बायकोच्या मोठ्या मावशीचा हात धरील असं माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात सापडायचं नाही. बाकीचे शेतकरी भाजी विकायला येत. मावशी भाजी कोणाला द्यायची नाही हे ठरवायला येई. मोताळ्याजवळच्या गावातून दर रविवारी सकाळच्या एसटीने वांगी, मेथी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन ती बुलडाण्याच्या शेतकरी बाजारात उतरायची. शाळेच्या मैदानावर मांडव घालायचा, शेतकऱ्याने शहरातल्या माणसाला थेट माल द्यायचा, मध्ये दलाल नको, अशी ती कल्पना. दलाल नव्हता, पण मावशी होती. मी निवृत्त मास्तर, रविवारी घरी नुसता बसलेला, म्हणून तिने मला वजनकाट्यावर बसवलं होतं. माझे जुने विद्यार्थी वाकून नमस्कार करायचे आणि मावशी त्यांना विचारायची, "पाया पडून झालं न? आता सांग, घरी किती जणं?"

हा प्रश्न सगळ्यांनाच असे. तिघांच्या घराला ती किलोभर वांगी देत नसे. एका बँकेतल्या साहेबांनी चकचकीत वांगी निवडायला घेतली तेव्हा तिने त्यांच्या हातातली पिशवीच काढून घेतली. "पॉलिश केल्यावानी वांगं पाह्यजे असंन तं दुसरीकडं जा. हे खायाचं हाय." मग सुरीने एक वांगं उभं चिरायचं, आतली अळी नखावर घ्यायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरायची. "हे जगून राह्यली न? मंग तुमीही जगसान." निम्मी माणसं तिथूनच माघारी फिरत. उरलेली मात्र वर्षानुवर्षं तिच्याकडेच येत.

या वेडामागचं कारण बाजारात मला एकट्याला ठाऊक होतं. मावशीचे यजमान भर उन्हात कपाशीवर फवारणी करताना वावरातच कोसळले. बैलगाडी, मग जीप, मग दवाखाना, आणि तिसऱ्या दिवशी संपलं. तेराव्यानंतर तिने फवारणीचा पंप उचलला, बांधावर खड्डा खणला आणि पुरला. विहिरीत का नाही टाकला, असं कोणीतरी विचारलं, तर म्हणाली, "काऊन? पाणी तं प्याचंच हाय न आपल्याले." तेव्हापासून तिच्या वावरात औषधाचा थेंब पडला नव्हता.

एका हिवाळ्यातल्या रविवारी तिने नेहमीसारखं वांगं चिरलं. आत अळी नव्हती. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. पांढरंशुभ्र, एक छिद्र नाही. तोवर सात-आठ गिऱ्हाइकं माल घेऊन गेली होती. मावशीने एक फोड नाकाशी नेली आणि मला म्हणाली, "जवाई, पोराले फोन लावा."

तिने फोनवर मुलाला सरळच विचारलं. तो म्हणाला, "दोनदाच मारलं, आई. अळीनं अख्खं वावर खाल्लं होतं. तुले सांगतलं असतं तं तू मारू देल्लं असतं काय?"

तिने फोन माझ्या हातात दिला, वांग्यांचं टोपलं पोत्याखाली झाकलं आणि म्हणाली, "गाडी काढा."

पुढचे तीन तास मी माझ्या स्कूटरवर मावशीला मागे घेऊन बुलडाण्याच्या गल्ल्या हिंडलो. तिला कोणाचंच नाव ठाऊक नव्हतं. माहीत होती ती घरं. "चार जणाची, नवरा तलाठी." "दोघंच, पोरगी पुण्याले." एवढ्यावर आम्ही दारं वाजवत होतो. कोणी हसलं, कोणी दार लावून घेतलं, एका बाईने आम्हाला वांगी चोरायला आलेले समजून शेजाऱ्यांना बोलावलं. एका घरी म्हातारेबुवा जेवायला बसले होते. मावशी सरळ आत गेली आणि त्यांच्यासमोरचं ताट उचललं. ते भडकले. तिने उभ्या उभ्या त्यांना यजमानांची गोष्ट सांगितली, जीपमध्ये तोंडाला फेस आला होता तिथपर्यंत. बुवांनी मुकाट्याने हात धुतला. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "मग मी आता काय खाऊ?" मावशीने त्यांच्याच चुलीवर पिठलं केलं आणि ते जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

दोन घरं काही सापडली नाहीत.

पुढच्या रविवारी लोक प्रत्येक दुकानापुढे विचारू लागले, फवारलंय का? कोणी खरं सांगेना, कोणी विश्वास ठेवीना. बाजार भरवणाऱ्यांपैकी एक जण मावशीकडे आला. माणूस सज्जन, बोलताना खाली बघत होता. "मावशी, तुमच्यापायी सगळ्यांचा माल पडून राहिला. काही दिवस येऊ नका."

"हाव," मावशी म्हणाली, आणि जुड्या बांधायला लागली. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. वांग्याच्या वावरात आता सोयाबीन आहे.

परतीच्या वाटेवर मी तिच्या मुलाला नावं ठेवली, फसवलं म्हणालो. एसटीची वाट पाहत ती दगडावर बसली होती. म्हणाली, "त्याले काय बोलू, जवाई? त्याच्या बापाले त्या दिवशी पंपात टाकाले पाणी मीच आणून देत होती. चार हंडे. ऊन लय हाय, उद्या मारा, एवढं म्हणाले काय झालं होतं मले?"

गेल्या महिन्यात आम्ही तिला भेटून आलो. आता कमी दिसतं, ओसरीवर बसून असते; सून चांगली सांभाळते. निघताना तिने माझी बाही धरली. "ते दोन घरं राह्यले होते न. काई कळलं काय?"

"भेटले दोघंही बाजारात," मी म्हणालो. "बरे आहेत." मावशी येईनाशी झाल्यापासून मी त्या बाजारात फिरकलोही नव्हतो.

तिने माझ्याकडे बघितलं, म्हणजे आवाजाच्या दिशेने. "पोरंसोरं?"

"तीही बरी आहेत."

"बरं झालं," मावशी म्हणाली. बाही मात्र तिने जरा वेळाने सोडली.