कुलूप घातलेली ओळ

बिस्किटांच्या त्या कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची जुळवाबाई. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तोंडावर तसंच म्हणत, आणि तीही खुशाल ओ देई. नाव पडलं होतं कामावरून. बिस्किटाची कृती ठरते वर, लॅबमध्ये: मैदा किती, साखर किती, लोणी किती. ती कृती लॅबच्या संगणकात राहते. खाली मिक्सरमध्ये काय ओतायचं याची सामानाची यादी मात्र वेगळी, वेगळ्या खात्याची. एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखा दोघींचा कारभार. लॅबने कृतीत चिमूटभर फरक केला तरी तो खालच्या यादीत उतरला पाहिजे, आणि तो उतरवायचं काम जुळवाबाईचं.

आता हे काही ती हाताने लिहून काढत नव्हती. मोठं सॉफ्टवेअर होतं त्यासाठी. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी ते कृती आणि यादी आपोआप ताडून बघे, फरक असेल तिथे यादी कृतीप्रमाणे बदलून टाके आणि शेवटी अहवाल देई. सगळं जुळलं तर हिरवा, कुठे अडलं तर लाल. लाल आला की जुळवाबाईने पदर खोचायचा.

"जगाचं जुळवतेस, तुझंच तेवढं राहिलं बघ," असं मिक्सरचा फोरमन तिला वर्षानुवर्षं चिडवायचा. त्याला सगळे भोंगा म्हणत. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून ओरडून बिचाऱ्याला हळू बोलणंच येईनासं झालं होतं.

"माझं जुळलं असतं तर तुझा लाल निस्तरायला कोण बसलं असतं रे?" ती म्हणायची, आणि दोघं हसायचे. लग्न राहिलं ते राहिलंच. त्याचं तिने कधी रडगाणं गायलं नाही. धाकटी बहीण नवरा गेल्यावर तान्ही मुलगी कडेवर घेऊन तिच्याकडे आली, आणि दोन खोल्यांचं ते घर एकदम भरून गेलं. बहीण शिवणाच्या दुकानात जाई. पोरीचं खाणंपिणं मावशीकडे.

आणि त्या पोरीचं, चिमीचं, खाणं म्हणजे सोपं काम नव्हतं. तिला दूध चालत नसे. पोट बिघडतं तसलं नव्हे हो. दुधाचा अंश जरी पोटात गेला तरी ओठ सुजायचे, घसा आवळायचा, श्वास कोंडायचा. एकदा शेजारणीने लाडाने आइसक्रीमचा चमचा चाटवला आणि पोरगी निळी पडली. तेव्हापासून घरात एक नियम झाला. काहीही हातात आलं की चिमी ते मावशीपुढे धरायची आणि विचारायची, "मावशी, चालेल?" मावशी वेष्टनावरची बारीक अक्षरं डोळ्यांत तेल घालून वाचायची, मग म्हणायची, "चालेल." तो शब्द आल्याशिवाय पोरगी तोंड उघडत नसे. शाळेत कुणाच्या वाढदिवसाला केक आला तरी आपला तुकडा कागदात गुंडाळून घरी आणायची, विचारायला. मावशी "नाही गं राणी" म्हणाली की गुपचूप शेजारच्या मुलांना देऊन यायची.

म्हणून लॅबवाल्या मॅडमनी बिनदुधाचं बिस्किट काढायला घेतलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. लोणी नाही, दूध पावडर नाही, त्याऐवजी तेल आणि सोयाचं पीठ. ती रोज काही ना काही निमित्त काढून वर जायची. "मॅडम, झालं का हो?" शेवटी मॅडम म्हणाल्या, "अहो जुळवाबाई, तुमच्या भाचीला पहिला पुडा, बस्स? पण मला काम करू द्या!"

आता कुलपाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खाणार होतं.

कारखान्यात कधी एखादा माल संपतो. गाडी येत नाही, मिक्सर तर थांबवता येत नाही. अशा वेळी भोंगा खालून बोंब मारायचा, "बाई, बदली दे आणि कुलूप टाक!" म्हणजे यादीतल्या त्या ओळीत दुसरा माल घालायचा आणि ओळीला कुलूप लावायचं, नाहीतर सकाळी सॉफ्टवेअर शहाणपणा करून जुना माल परत लिहिणार. कुलूप लावलेल्या ओळीला ते हात लावत नसे. आणि ती ओळ ते ताडूनही बघत नसे. अहवालात ती धरलीच जात नसे. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीकडे कोण लक्ष देतं?

त्यांच्या नेहमीच्या जुन्या बिस्किटात सोयाचं पीठ पडायचं. मागे त्याचा तुटवडा झाला तेव्हा भोंग्याने बदली मागितली आणि जुळवाबाईने दिली, निळ्या पट्टीच्या गोणीतली पूड. कुलूप टाकलं. खाली सगळे गोण्या पट्टीवरूनच ओळखत, आत काय आहे ते कोण बघतो! निळ्या पट्टीत असायची व्हे पावडर, दूध फाटल्यावर जे पाणी उरतं त्याची वाळवलेली पूड. जुन्या बिस्किटात तसंही दूध होतंच, वेष्टनावर तसं छापलेलंही होतं, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. बिस्किट उलट खुसखुशीत झालं. सोया परत आला, पण कुलूप राहून गेलं. काढू, काढू म्हणत राहून गेलं.

नव्या बिस्किटाची यादी करायची वेळ आली तेव्हा जुळवाबाईने सगळे करतात तेच केलं. जुन्या यादीची नक्कल घेतली, नवं नाव दिलं आणि सॉफ्टवेअरला म्हणाली, चल, कर जुळवणी. लोणी गेलं, तेल आलं. दूध पावडर गेली. ओळीमागून ओळ कृतीप्रमाणे बदलत गेली. फक्त एक ओळ जागची हलली नाही. नकलेबरोबर तिचं कुलूपही आलं होतं. अहवाल आला हिरवागार.

तिने तो हिरवा रंग बघितला आणि तिचा जीव भांड्यात पडला. वेष्टन छापलं जायचं लॅबच्या कृतीवरून. त्यावर ठळक अक्षरात आलं: यात दूध नाही.

पहिला घाणा निघाला त्या दिवशी ती अर्धी सुट्टी टाकून दुपारीच घरी आली. बहीणही जेवायला आलेली. चिमी शाळेचे कपडे बदलत होती. मावशीने पुडा पाठीमागे लपवला होता, मग एकदम पुढे धरला. पोरीने सवयीप्रमाणे विचारलं, "मावशी, चालेल?"

"चालेल म्हणजे काय, अख्खा पुडा चालेल! वाच, तूच वाच आज."

चिमीने अक्षर अक्षर लावत वाचलं. मग बिस्किट तोंडात घातलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "हे सगळ्यांच्यासारखं लागतं!" बहिणीने पदराने डोळे टिपले. दुसरं बिस्किट संपायच्या आत चिमी गळ्याला हात लावायला लागली.

पुढचं काय सांगायचं! शेजाऱ्याची गाडी, वाटेतले सिग्नल, मांडीवर पोरीचं सुजलेलं तोंड, बहिणीचं "ताई, असं कसं गं? ताई, तू बघितलं होतंस ना?" असं पुन्हा पुन्हा विचारणं. इस्पितळात पोरीला हातातून काढून घेतलं आणि दार लागलं. घशात नळी घालावी लागली. जुळवाबाई बाहेर बाकावर बसली होती. पुडा अजून तिच्या मुठीत चुरगळलेला होता. तिने पुन्हा वाचला. यात दूध नाही. मग तिच्या मनात काहीतरी चमकलं. तिने भोंग्याला फोन लावला.

"सोयाच्या ओळीत काय टाकलंस?"

"यादीत होतं तेच की," तो नेहमीसारखा ओरडला. "निळी पट्टी. का गं?"

"बिनदुधाच्या बिस्किटात निळी पट्टी कशी टाकलीस रे?"

"मला काय ठाऊक निळ्या पट्टीत काय असतं? यादीत आलं ते टाकलं. कुलूप होतं त्या ओळीला, म्हटलं तू बघूनच टाकलं असशील." मग त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बाई, झालंय काय?"

"गाड्या थांबव. पाया पडते तुझ्या, गाड्या थांबव."

एक गाडी सुटली होती. ती वाटेत गाठली, पण एका गावात खोकी उतरवून झाली होती. कारखान्याने माणसं पळवली, दुकानं पालथी घातली. एका घरी पोचायला उशीर झाला. तिथेही असंच एक मूल होतं, आणि त्याच्याही आईने वेष्टन नीट वाचूनच दिलं होतं.

चौकशीत जुळवाबाईने सगळं सांगितलं. नक्कल मी घेतली, कुलूप माझं, काढायला मी विसरले. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "पण अहवाल हिरवा होता ना? मग दोष सिस्टिमचा. तुमच्यावर काही येत नाही." सॉफ्टवेअरमधून कुलपाची सोय काढून टाकली. तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्या मुलाच्या घरचं कुणीतरी येऊन आपल्या थोबाडीत मारावी असं तिला वाटत राहिलं. कुणी आलं नाही. त्यांना ती कोण हेच माहीत नव्हतं.

बहीण मात्र बोलली. चिमी घरी आली त्या दिवशीच बोलली. "ताई, तुझ्यावर मला राग धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. पण पोरीच्या खाण्याला आता तू हात लावू नकोस. एवढं ऐक." ती बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? शिवणाच्या दुकानापाशी एक खोली बहिणीने बघून ठेवली होती. महिनाअखेरीला दोघी जाणार होत्या.

निघायच्या दिवशी बहीण सामान खाली नेत होती. जुळवाबाई स्वयंपाकघरात उगीच ओटा पुसत उभी होती. चिमी आत आली. नळीमुळे तिचा आवाज अजून घोगरा होता. टोपलीतलं एक केळं तिने उचललं, अर्धं सोललं आणि तसंच पुढे धरून उभी राहिली.

"मावशी, चालेल?"

केळं होतं ते. त्यात काय असणार? जुळवाबाईने तोंड उघडलं. तिने केळं हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, काही लिहिलंय का बघितलं. चिमी वाट बघत होती.

"आईला विचार," ती म्हणाली.

"पण तू सांग ना," चिमी म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. खालून बहिणीची हाक आली, पुन्हा आली. पोरगी काही हलली नाही, आणि मावशीला काही ते म्हणता आलं नाही. शेवटी चिमीने साल जमेल तशी परत मिटवली, केळं टोपलीत ठेवलं आणि जिना उतरून गेली.