इथे गाठ आहे

"थांबा टीचर, इथे गाठ आहे."

असं म्हणून त्या बाई पट्टी जागच्या जागी दाबून धरायच्या. एक फुटी पोलादी पट्टी, कडा झिजलेल्या, आकडे अर्धे पुसलेले. वाचायच्या ओळीखाली ती आडवी ठेवायची, ओळ संपली की खाली सरकवायची, आणि शब्द अडला की पट्टीवर बोट टेकवून थांबायचं. मग टेबलाभोवतीचे बाकीचे अकरा जण आणि घड्याळाकडे बघणारी मी, सगळेच त्यांच्याबरोबर थांबायचो.

हॅमिल्टनमधल्या आमच्या लायब्ररीत दर शनिवारी दहा ते बारा मी चिनी बोलणाऱ्या मंडळींकडून इंग्रजीचा सराव करून घेते. वाचन आणि ग्रामर. मला चिनी येत नाही, आणि तशी अटही नव्हती. एरवी मी एका हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या अपॉइंटमेंट लावते. आमच्या मंडळाच्या एप्रिलच्या जयंतीला हॉल, खुर्च्या, जेवण, पार्किंग या सगळ्याच्या याद्या माझ्याकडेच असतात. नवरा म्हणतो, "तू झोपेतसुद्धा टिक मारत असशील." तर या वर्गाचाही माझा एक तक्ता होता. वीस मिनिटं मोठ्याने वाचन, तीस मिनिटं ग्रामर, दहा मिनिटं चहा आणि वॉशरूम, उरलेला वेळ संवाद. त्या बाई वर्गात होत्या त्या दोन वर्षांत हा तक्ता एकदाही पूर्ण झाला नाही.

त्यांचं बोलणं मी इथे मराठीत देते आहे. मूळ इंग्रजी वाक्यं याहून आखूड असायची, पण अर्थ कधी आखूड नसायचा.

वय त्र्याहत्तर. बुटकी, ताठ मूर्ती. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, मला नावाने हाक मारा, कॅनडात असंच चालतं. सगळ्यांनी मान हलवली आणि सगळे मला टीचर म्हणत राहिले. त्या तर मी आत आले की उभ्या राहायच्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई उभी राहते म्हटल्यावर मीच पाच मिनिटं आधी येऊन बसायला लागले. मग त्या दहा मिनिटं आधी येऊन उभ्या राहायला लागल्या.

ही गाठ काय भानगड आहे, हे मी तिसऱ्या शनिवारी विचारलं. त्या कापडगिरणीत तपासनीस होत्या, एकतीस वर्षं. खालून उजेड सोडलेल्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्यात गाठ, तुटका धागा, डाग काय दिसतं ते बघायचं.

"दिसलं की मशीन थांबवायचं," त्या म्हणाल्या. "तो अधिकार फक्त आमच्याकडे. मॅनेजरकडेसुद्धा नाही."

हे सांगताना त्यांनी एकदा माझ्या घड्याळाकडे पाहिलं.

शेजारी एक निवृत्त फिजिक्सचे शिक्षक बसायचे, सडपातळ आणि खोडकर. ते म्हणायचे, "या एक पान वाचेपर्यंत विंटर येईल."

"विंटर तसाही येणारच," त्या पट्टीवरून नजर न हलवता म्हणायच्या. "पान वाचलेलं असलं तर बरं."

दुसरी गोष्ट थर्मासची. हिरवा, पोचे आलेला थर्मास. वही उघडण्याआधी त्याचं झाकण काढून त्यात पाणी ओतायचं, दोन घोट घ्यायचे, मग वही. मला आधी वाटलं चहा असेल. नुसतं उकळलेलं पाणी होतं. जुलैतसुद्धा. माझ्यासमोर बर्फ घातलेल्या पाण्याचा मोठा टंबलर. वीस वर्षांची इथली सवय. त्या त्याच्याकडे अशा बघायच्या की मलाच तो पिशवीत घालावासा वाटायचा.

"तुमचं पोट काही म्हणत नाही?"

"पोटाला सवय झाली आता," मी म्हटलं.

"पोटाला बोलता येत नाही, म्हणून सवय झाली असं वाटतं."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, साधं उत्तर देऊन गप्प करणारी. मी त्या दिवशी वहीत ते वाक्य लिहून ठेवलं. का, ते तेव्हा माहीत नव्हतं.

पहिल्या वर्षाच्या शरदात आम्ही एका कुटुंबाच्या सहलीचा धडा वाचत होतो. टोपलीत सँडविच, झाडाखाली चादर, भूतकाळी क्रियापदं. अर्ध्यावर त्यांनी पट्टी उचलून बाजूला ठेवली.

"टीचर, ही सहल मला नको."

"मग काय हवंय?"

त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढला आणि चारही कोपरे हाताने सपाट केले.

त्यांच्या नवऱ्याला स्ट्रोक येऊन गेला होता. वर्षभर ते नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायम देखभाल लागणाऱ्यांच्या निवासात होते. वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. इंग्रजी तर त्यांना आधीही नव्हतं. त्या लायब्ररीजवळच्या अपार्टमेंटमध्ये एकट्या राहायच्या आणि रोज दुपारी चारला जाऊन त्यांच्याजवळ बसायच्या. मुलगा विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात. दर तीन महिन्यांनी होममध्ये मीटिंग असायची, तेव्हा तो तीन तास गाडी चालवून यायचा आणि आईसाठी भाषांतर करायचा.

"नर्स पाच मिनिटं बोलते," त्या म्हणाल्या. "मग मुलगा मला सांगतो, 'सगळं ठीक आहे, आई.' बाकीचे शब्द कुठे जातात?"

पुढची मीटिंग सहा आठवड्यांवर होती. त्याआधी त्यांना मागच्या मीटिंगचा तो कागद स्वतः वाचायचा होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

तसले कागद मी रोज बघते. एका नजरेत कळलं की सगळं ठीक नाही. वजन उतरत होतं. अंगातलं पाणी कमी झाल्याने दोनदा हॉस्पिटलात नेलं होतं. मुलाने त्यांना इन्फेक्शन सांगितलं होतं. आणि खाली, पुढच्या मीटिंगच्या विषयांत, पोटात नळी घालण्याचा विचार. मी ते त्यांना तिथेच सांगू शकत होते. पण पट्टी कागदाच्या पहिल्या ओळीखाली लागलेली होती. मी माझा तक्ता मिटला आणि आम्ही वाचायला लागलो. रोज तीन ओळी, असं ठरवलं. रोज म्हणजे शनिवारी वर्गात आणि मंगळवार-गुरुवारी माझ्या लंच ब्रेकमध्ये फोनवर.

दुसऱ्या शनिवारी पट्टी एका ओळीवर थांबली. ओळीचा अर्थ होता, पेशंट पेय पदार्थ नाकारतो.

"इथे गाठ आहे."

मी 'नाकारणे' समजावायला लागले.

"शब्द कळला, टीचर. मागच्या आठवड्यात पाठ केला." त्यांनी बोट उचललं नाही. "मी देते तेव्हा तो पितो. रोज दोन झाकणं."

माझा स्वभाव असा की काम दिसलं की हात आधी पुढे जातो. म्हटलं, "थांबा, मी आत्ता फोन करून नर्सशी बोलते."

त्यांनी माझ्या फोनवर हात ठेवला. "तुम्ही बोललात तर ते तुमचे शब्द होतील. मुलगा एक आहे, तेवढा पुरे."

त्यानंतर त्यांनी काय करावं? दुपारी चारऐवजी मंगळवारी सकाळी दोन बस बदलून सातला तिथे गेल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिल्या. तपासायला. शनिवारी वर्गात आल्या त्या उभ्यानेच सांगायला लागल्या.

"पाण्याचा जग. प्लॅस्टिकचा. काठोकाठ बर्फ. सकाळची मुलगी फार चांगली आहे. हसते, त्याच्या ओठांपर्यंत ग्लास नेते. तो तोंड फिरवतो. ती कागदावर लिहिते. मग दुपारी पुन्हा ताजा बर्फ आणून घालते. सगळे त्याला सगळ्यात चांगलं पाणी देतात."

टेबलाभोवती सगळे एकदम चिनीत बोलायला लागले. मला शब्द कळले नाहीत, पण बाकीच्यांचे थर्मास मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. अकरा जणांपैकी आठ जणांसमोर थर्मास होता. इतके महिने मी त्या टेबलाशी बसत होते. माझा टंबलर मी हळूच खाली ठेवला.

मग मीटिंगची तयारी. मी त्यांच्यासाठी एक सुरेख परिच्छेद लिहून नेला. तुम्ही कृपया विचार केलात तर मी आभारी राहीन, वगैरे. त्यांनी पट्टी लावून तो दोनदा वाचला.

"यात धागे फार आहेत," त्या म्हणाल्या आणि स्वतःची चार वाक्यं लिहिली. तो नाकारत नाही. तो गरम पाण्याची वाट बघतो. मी देते, तो पितो. हे कागदावर लिहा.

तिसरं वाक्य मला ग्रामरप्रमाणे नीट करावंसं वाटत होतं. पेनचं टोपणसुद्धा काढलं होतं. परत लावलं.

फिजिक्सवाले सर नर्स झाले. इतक्या भरभर बोलायचे, कागद चाळायचे, मध्येच घड्याळ बघायचे, की मला शंका आली हे घड्याळ बघणं माझ्यावरून उचललंय. "आज वेळ नाही, मावशी, पुढच्या मीटिंगला बघू," ते म्हणायचे.

"अजून संपलं नाही," त्या म्हणायच्या आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायच्या.

मीटिंगच्या आधीच्या शनिवारी मुलगा त्यांना न्यायला आला. चाळिशीचा, रात्रपाळीने डोळे सुजलेला. आई कोट घालत होती तेवढ्यात माझ्याजवळ आला.

"तुम्हीच ना टीचर? ती म्हणते, या वेळी तीच बोलणार. मी काय चुकलो?"

"तुम्ही काही शब्द गाळत होतात."

"सांगितलं तर ती झोपत नाही," तो म्हणाला. "मी तिकडे तीन तासांवर. मध्यरात्री तिला कोण बघणार?"

नागपूरला माझी आई आहे. तिचे रिपोर्ट भाऊ मला पाठवतो आणि मी त्याला फोनवर सांगते, "तिला फक्त शुगर थोडी वाढली एवढंच सांग." त्या आठवड्यात मी आईला फोन केला आणि रिपोर्ट वाचून दाखवला, सगळा. ती शेवटी म्हणाली, "अगं, मग मागच्या वेळी का नाही सांगितलंस?"

मीटिंगला मी येऊ नये असं त्यांनी बजावलं होतं. त्या बुधवारी माझ्या हातून दोन अपॉइंटमेंट चुकीच्या तारखेला पडल्या.

शनिवारी त्या आल्या, बसल्या, थर्मास उघडला, पाणी प्यायल्या. घाई अजिबात नाही. मग नवा कागद काढला आणि पट्टी लावून अख्ख्या वर्गासमोर मोठ्याने वाचला. फक्त गरम पाणी. बर्फ नको. घरचा कप वापरावा. एक महिना पाहावं, नळीचा विचार तूर्त स्थगित.

"गाठ?" सरांनी विचारलं.

"नाही." मग पट्टी बाजूला ठेवत, "मुलगा माझ्या शेजारी बसला होता. तो एकही शब्द बोलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, आई, तू तिसरं वाक्य फार जोरात म्हणालीस."

महिन्याने वजन थोडं वर आलं. नळी त्यानंतर कागदावर परत आली नाही. कागद मात्र दर तीन महिन्यांनी येत राहिला, आणि आमचा वर्ग तो वाचत राहिला. इतका, की आमच्याकडच्या दोघांना हॉस्पिटलात ओरिएंटेशनशिवाय नोकरी लागली असती. मी ग्रामरचे धडे त्याच्याभोवती लावून घेतले. सहलीचं कुटुंब कपाटात गेलं.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्यांचे यजमान गेले. झोपेत, न्यूमोनियाने. त्या तीन शनिवार आल्या नाहीत. मुलाने विंडसरला त्यांच्यासाठी खालची खोली तयार केली होती, महिनाअखेरीस जाणार होत्या. आता तिकडच्या लायब्ररीत जातात आणि तिथला वर्ग फार वेगाने चालतो, अशी तक्रार करतात. माझ्या तक्त्यात आता मिनिटं लिहिलेली नसतात. टेबलावर एक विजेची किटली असते, तिचं पाणी पावणेदहाला लावायचं, एवढी नोंद आहे.

पण जाण्याआधी त्या एकदा आल्या होत्या. नेहमीप्रमाणे दहा मिनिटं आधी, आणि मी आत गेले तशा उभ्या राहिल्या. फोल्डरमधून एक कार्ड काढलं. होममधल्या सकाळच्या मुलीने हाताने लिहिलेलं, तिरकं, एकमेकांत जोडलेलं अक्षर, वाचायला अवघड.

"मुलगा वाचून दाखवतो म्हणाला," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब."

कार्डावर पट्टी लावून त्या वाचायला लागल्या. आम्ही सगळे ऐकत होतो. मी रोज सकाळी तुमच्या यजमानांचं पाणी गरम करून आणायचे. ते कप आधी गालाला लावायचे, मग प्यायचे.

पट्टी थांबली. बोट तिच्यावर टेकलेलं. ओळीतले सगळे शब्द सोपे होते, पहिल्या महिन्यात शिकवलेले. मी जरा पुढे वाकले.

"गाठ आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कापड बरोबर आहे."

त्या पुढे वाचेनात. मग फिजिक्सवाल्या सरांनी हिरवा थर्मास स्वतःकडे ओढला, झाकणात पाणी ओतलं, आणि पट्टीला धक्का लागू न देता ते त्यांच्या हाताजवळ ठेवलं.