आत ठेवलेला तुकडा

दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅसपाशीच उभी होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात शेजारच्या शिवणवाल्या मावशी. हातात दवाखान्याची फाईल. आत यायचं सोडून हातभर लांबच थांबल्या.

"माझा वास येतोय का गं?"

येत होता तो साबणाचा, तोही नाकाला झोंबणारा. सकाळपासून तीनदा अंग पुसून झालं होतं.

दहा दिवसांपूर्वी मावशींचं पित्ताशय काढलं. आत ठणकायचं थांबेना म्हणून काल स्कॅन केला. रिपोर्टात लिहिलं होतं: हवेचे बुडबुडे असलेला गोळा, पू असण्याची शक्यता. घरी पोचेपर्यंत 'शक्यता' वाटेत कुठेतरी गळाली, उरला नुसता पू. जावेनं त्यांचं ताट वेगळं काढलं, टॉवेल चिमटीत धरून बाहेर टाकला, वर नाक दाबून म्हणाली, "आतून सडलंय मेलं!" हिच्या मुली मावशींच्या हातचे फ्रॉक घालून वाढल्या. मला किळस आली ती जावेची, पुवाची नव्हे.

"उद्या परत पोट उघडणार," मावशी म्हणाल्या. "माझी मलाच किळस येतेय. घास उचलला की आतला गोळाच डोळ्यांपुढे येतो."

मी त्यांना ओढूनच आत आणलं. चहा ठेवला. ताप विचारला, तर एक दिवसही नव्हता. रक्ताचा रिपोर्टही बरा होता. ऑपरेशनच्या कागदावर सगळं सुरळीत.

मावशींनी तो कागद हातात घेतला आणि सवयीनं उलटा केला. कुठलाही कपडा त्या आधी आतल्या बाजूनं बघतात. मागे एक अर्धवट सुटलेलं स्टिकर होतं.

"हे ठिगळ कसलं?"

मी डोळे बारीक करून वाचलं. रक्त थांबवायचा जिलेटिनचा स्पंज, आपोआप विरघळणारा. पुढच्या बाजूला मात्र त्याबद्दल अवाक्षर नाही.

चहा तसाच ठेवून आम्ही स्कॅनवाल्या डॉक्टरांकडे गेलो. स्टिकर बघून त्यांनी चष्मा काढला.

"हे मला कोणी सांगितलंच नाही! या स्पंजच्या छिद्रांत हवा अडकते. चित्रात तो हुबेहूब पुवाच्या गाठीसारखा दिसतो."

त्यांनी तिथूनच सर्जनना फोन लावून स्पीकर चालू केला.

"हो हो, रक्त थांबेना म्हणून लावला होता मी," पलीकडून आलं. "लिहायचं राहिलं वाटतं."

वाटतं! बाईच्या पोटात वस्तू ठेवली, आणि बोलणं असं की जणू टेबलावर रुमाल विसरला. शिसारी आली मला त्या शब्दाची.

दोघा डॉक्टरांचं बराच वेळ बोलणं झालं. ताप नाही, रक्त ठीक, तेव्हा उद्याचं ऑपरेशन रद्द. ताप आला तर लगेच यायचं, नाहीतर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन.

मी फाईल आवरून उठले. मावशी उठल्या नाहीत. फोनपाशी वाकून म्हणाल्या, "डॉक्टर, कोटाच्या अस्तराआड जाड कॅनव्हास घातला तरी मी चिठ्ठी टाचते. नाहीतर दुसरा शिंपी गाठ समजून कातरी चालवतो. माझ्या कागदावर एक ओळ लिहून द्या, आत स्पंज ठेवलाय म्हणून. साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत. जावेला वाचता आलं पाहिजे."