आप्पांचे बारा मासे

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाही, तुम्ही हसणारच. माझी आई तर अजून पदर तोंडाला लावून हसते. घ्या, चहा घ्या आधी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दौंडच्या पुढे माळावर एका कारखान्यात मी केमिस्ट होते. केडगावहून रोज कंपनीच्या बसनं जायचे. काम काय? तर कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट सांभाळायचा. वास घ्यायचा, बाटल्या भरायच्या, वहीत आकडे लिहायचे. नोकरी कच्ची. पक्की कधी, असं विचारलं की आमचे मॅनेजर साहेब छताकडे बघायचे.

त्या उन्हाळ्यात कॅनॉलचं पाणी कमी झालं आणि हेड ऑफिसला एकदम पाण्याचा पुळका आला. थेंब न् थेंब परत वापरा म्हणाले. मग ठरलं, शुद्ध केलेलं पाणी शेजारच्या गावाच्या गायरानात द्यायचं, तिथं झाडं लावायची. गावानं होकाराचं पत्र दिलं तर योजना मंजूर. आणि साहेब मला म्हणाले, पत्र आणलंस तर तुझी पक्क्या नोकरीची ऑर्डर त्याच दिवशी काढतो.

पण गाव कुणाच्या शब्दावर चालायचं? तर आप्पांच्या. आप्पांचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता बागायत करायचे. कुठल्या पाण्याला मेंढरू तोंड लावील आणि कुठल्या नाही, हे ते लांबून सांगायचे. मी त्यांच्यापुढं रिपोर्ट ठेवला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला.

“ताई, कागुद मला कळत न्हाई. मासं सोडा. म्हैनाभर जगलं तर सही.”

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या विहिरीतले बारा मासे घेऊन ते हजर! मी काचेची टाकी आणली, त्यात प्लँटचं पाणी भरलं आणि मासे सोडले. आप्पा दर बाजारच्या दिवशी येऊन मोजायचे. बाराचे बारा. मासे तर असे बाळसं धरत होते की विचारू नका.

महिना भरला. आप्पा पंचायतीची चार माणसं घेऊन येणार होते आणि पुण्याहून हेड ऑफिसचे मोठे साहेबही येणार होते. मी सकाळी लवकर गेले, टाकी बघितली. मासे झकास होते हो, पण पाणी जरा पिवळसर दिसत होतं. तसं ते असतंच. महिनाभर आप्पा त्याच पाण्यात मासे मोजत होते, तेव्हा काही वाटलं नाही. पण मोठे साहेब येणार म्हटल्यावर मला ते पाणी कसंतरीच दिसायला लागलं.

आणि माझी बुद्धी फिरली! आमचा ऑपरेटर बबन, त्याला म्हटलं, जुनं पाणी बादलीत काढ आणि टाकीत कँटीनचं पिण्याचं पाणी भर. तो म्हणाला, मॅडम, कशाला? मी त्यालाच झापलं. पाणी भरलं, काच पुसली. दहा मासे टाकीत घातले. दोन लबाड काही जाळीत येईनात, ते बादलीतच राहिले.

आता ऐका. पाहुणे येणार म्हणून कँटीनवाल्यानं त्या दिवशी पाण्यात क्लोरीनच्या औषधाची पावडर दुप्पट घातली होती. त्याचा तरी काय दोष? पण मी? मी बी.एस्सी. केमिस्ट्री! क्लोरीननं मासा मरतो हे ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहून शिकवणारी मी!

अकराला मंडळी आली. सगळ्यांना त्याच पाण्याचे ग्लास दिले. मी खडू घेऊन प्लँट समजावत होते. मोठे साहेब मान डोलवत होते. तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला.

“ताई, ह्ये मासं उताणं का पवत्यात?”

वळून बघते तर एक नाही, चार उताणे! माझ्या डोळ्यांदेखत पाचवा आडवा झाला. मॅनेजर साहेब म्हणाले, ऊन लागलं असेल. टाकी सावलीत होती.

आप्पांनी एक मासा तळहातावर घेतला. रागावले नाहीत, त्यानंच मला जास्त वाईट वाटलं. महिनाभर जगलेलं आज मेलं, म्हणजे आज पाण्यात काहीतरी सोडलंय, एवढंच ते बोलले आणि टोपी सारखी करून निघाले. त्यांच्यामागं चौघे निघाले. माझी नोकरीही त्यांच्याबरोबर फाटकाकडे चालू लागली.

गप्प बसले असते तर सगळ्यांना वाटलं असतं, प्लँटच खराब. आणि प्लँट तर सोन्यासारखा चालला होता. मला रडूच यायला लागलं.

“आप्पा, थांबा! हे प्लँटचं पाणी नाही. हे आपलं प्यायचं पाणी आहे!”

मोठ्या साहेबांचा ग्लास ओठाशीच थांबला. पंचायतीच्या एका मेंबरनं तोंडातला घोट गिळावा की थुंकावा, याचा बराच विचार केला. मी घाईघाईनं सांगितलं, माणसाला काही होत नाही, फक्त माशाला होतं. पण ग्लास मात्र सगळ्यांनी एकदम खाली ठेवले.

बबननं न सांगता बादली आणली. पिवळ्या पाण्यात ते दोन लबाड मजेत फिरत होते. आप्पा बादलीपाशी उकिडवे बसले. बराच वेळ बघितलं, मग मिशीतल्या मिशीत हसले. जाताना दोन्ही मासे त्याच पाण्यासकट कॅनमध्ये घालून घेऊन गेले. टाकीतल्या दहांपैकी एकही वाचला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचं पत्र आलं. मॅनेजर साहेबांनी ते दोनदा वाचलं, हसू दाबत माझ्या ऑर्डरवर सही केली आणि दोन्ही कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, ऑर्डर घरी ने, पत्र नोटीस बोर्डावर लाव. मी माझ्याच हातानं टाचण्या मारून लावलं. अजून पाठ आहे मला:

“कारखान्याचे पाणी गायरानास घेण्यास गावाची हरकत नाही. मात्र केमिस्टबाईंनी पाण्यास हात लावू नये.”