झिरो वायरमन

दुकानं, एसटी, वीज, पाणी अशा ठिकाणी किती माणसं कामाला आहेत, याचे आकडे दर तिमाहीला गोळा करायचे, ही माझी नोकरी. सकाळी बीडहून निघायचं आणि दिवसभर लोकांचा तिरस्कार झेलून परत यायचं. दुकानदारांना मी कर लावायला आले असं वाटतं, साहेबांना चौकशीला. खरं सांगायचं तर मलाही ते कुणी आवडत नाहीत.

त्या दिवशी वडवणीच्या बाजारात एक आडत्या म्हणाला, "आमच्याकडं कामाला कुणीच न्हाई. समदी घरचीच हायेत." त्याच्यामागं घामानं निथळणारा हमाल पोतं पाठीवर घेऊन उभा होता.

"आणि हा?"

"पुतण्या."

हमालानं दुसरीकडं तोंड फिरवलं. मी मुकाट्यानं शून्य लिहिलं.

डोकं असं आधीच फिरलेलं, त्यात दुपारी त्याच तालुक्यातल्या एका वीज कार्यालयात गेले. पायरीवर एक तरणा माणूस बसला होता. खांबावर शॉक लागून जळालेल्या उजव्या हाताला बोटांपासून खांद्यापर्यंत पट्ट्या. शेजारी बायको. दोघांना कुणी आत बोलवत नव्हतं. अंगणात चार-पाच पोरं खांबावर चढायचे दोर खांद्यावर टाकून उभी होती.

आतल्या साहेबांनी आकडा सांगितला. कायम कर्मचारी, सगळे पुरुष.

"बाहेर बसलाय तो?"

"तो आमचा नाही."

"मग कुणाचा?"

"कुणाचाच नाही. झिरो वायरमन आहे, कागदावर नावच नाही. आमच्या लोकांना हाताखाली लागतात, येतात, खांबावर चढतात. उद्या रस्त्यावरची कुत्री पण मोजाल तुम्ही!"

हे ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "जळाला तेव्हा तुमच्याच खांबावर होता ना? मग मी आकड्यात एक वाढवून धरते."

"धरून बघाच." त्यांनी माझ्यासमोर माझ्या वरिष्ठांना फोन लावला, मग पंखा बंद केला आणि जेवायला निघून गेले. मी त्या उकाड्यात घाम पुसत हटून बसले. थोड्या वेळानं माझाच फोन वाजला. वरिष्ठ ओरडले, "तुम्ही मोजायला गेलात का भांडायला? ते देतील तो आकडा घ्या अन् निघा."

घेतला आकडा.

बाहेर आले तर ती बाई आडवी आली. "काय म्हनले ओ सायब?"

मला ते हळू सांगता आलं असतं. मी मुद्दाम अंगणभर ऐकू जाईल असं बोलले, "साहेब म्हणतात, तो आमचा नाही. कुणाचाच नाही."

बाई माझ्यावरच उसळली, "मंग तुमी कावून आलात? आमच्या जखमंवर मीठ चोळायला?" दोर घेतलेल्या पोरांपैकी एकानं दोर खाली टाकला, "आयकलं का बे? आपुन कुणाचेच न्हाई."

पुढचं मला तीन महिन्यांनी कळलं. मी गेल्यावर त्याच संध्याकाळी वारं सुटलं आणि तेलगावच्या बाजूची लाईन पडली. पोरांना निरोप गेला, एकही आला नाही. कायम वायरमन पोट सुटलेले, खांबावर चढायची सवय मोडलेली. गावं अंधारात, मोटारी बंद. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांनी कार्यालयाला घेराव घातला, तेव्हा साहेबांनीच ठेकेदाराला बोलावलं आणि त्या पोरांना त्याच्याकडं रीतसर कामावर लावून दिलं. जळालेल्यालाही. त्याच्या बोटांत आता पकड धरवत नव्हती, म्हणून त्याला तक्रारींच्या फोनवर बसवलं होतं.

पुढच्या तिमाहीला मी परत तिथं गेले तेव्हा तो डाव्या हातानं फोन उचलत होता आणि पलीकडचा कुणीतरी लाईट गेली म्हणून त्याला आईबहिणीवरून शिव्या देत होता. साहेबांनी मला बसा म्हटलं नाही. वाढलेला आकडा तुटकपणे सांगितला आणि मान वळवली.

त्याची बायको डबा घेऊन आली होती. मी म्हटलं, "बरं झालं, बाई."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्यामुळं न्हाई झालं. पोरांनी काम सोडलं म्हनून झालं. अन् हात कुठं आला परत?"

ती डबा ठेवायला आत गेली. मला अजून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जायचं होतं.