गौरीच्या फोटोखालचं नाव

नऊ वर्षं हे मी कुणापाशी बोललो नव्हतो. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही. सतत फिरणाऱ्या माणसानं कॅमेरा कुठला घ्यावा, लेन्स किती घ्याव्यात, असं तुम्हा वाचकांपैकी काहींनी मला विचारलंत, आणि मी उत्साहानं लिहायला बसलो. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा खोटं उतरलं. कारण या विषयातलं मला जे खरं कळतं ते कुणामुळं कळलं, एवढंच मी दर वेळी गाळत होतो.

मग सरळ सुरुवातीपासून सांगतो.

उचगावात आमची एक खोली होती. वडील फौंड्रीत साचे करायचे, आई दोन म्हशींचं बघायची. भिंतीवर कॅलेंडरावरचा देव सोडला तर घरात एका माणसाचाही फोटो नव्हता. दहावीच्या फॉर्मला फोटो लागला तेव्हा मी शेजाऱ्याचा शर्ट घालून स्टुडिओत गेलो. माझ्या आधी दोन वर्षं माझी थोरली बहीण, सविता आक्का, अशीच शेजारणीची ओढणी घेऊन गेली होती. घराला एकाचंच कॉलेज झेपणार होतं. बारावीला मार्क आक्काला जास्त होते. कॉलेजला मी गेलो. आमच्या अख्ख्या भावकीतला पहिला पदवीधर मी — हे आजही छाती काढून सांगतो, त्यात काय चोरी आहे? चोरी पुढं आहे.

कॉलेजात असताना मी एका लग्नाच्या फोटोग्राफरकडं मदतीला जायचो. त्याचा मोठा कॅमेरा एकदा चार दिवस माझ्या हातात आला. काय सांगू तुम्हाला! हातभर लांब लेन्स, गळ्यात अडकवली की मान खाली. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघितला, तर अडीच किलोच्या वर. मला तर ते वजनच मोठेपणाचं वाटायचं. तो घेऊन मी गौरीच्या सणाला आमच्या मूळ गावी, नेसरीला गेलो. पिशवीत मित्राचा एक छोटा कॅमेराही होता, मुठीत मावणारा. असावा म्हणून घेतलेला.

आमच्या भावकीत रीत अशी, की विहिरीवरून गौर घेऊन निघालेल्या बायकांनी तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि उंबरा ओलांडेपर्यंत सोडायचा नाही. बोलायचं नाही, हसायचं नाही. एकीचाही घोट सुटला तर सगळ्यांनी परत विहिरीवर.

आणि मी शहाणा त्यांच्या पुढं, ती तोफ डोळ्याला लावून, उलटा चालतोय! झालं. कुणी पदर सारखा करतंय, कुणी कुंकू पुसलं का बघतंय, कुणी मान ताठ करून लग्नातल्यासारखी उभी. धाकट्या चुलतीला ते सगळं बघून हसू आवरेना. तिच्या नाकातोंडातून पाणी उडालं ते थेट माझ्या लेन्सवर. सगळी ओळ माघारी. थोरल्या चुलतीनं तिथंच आपला घोट थुंकला आणि मला धरलं.

“गौर आणायलोय रं बाबा, तुझ्या म्होरं मिरवाय न्हाय आलो. हो तिकडं. न्हायतर तूच घे घोट तोंडात आन् हो गप.”

मी दारात जाऊन उभा राहिलो. मधल्या वेळात आक्कानं माझ्या पिशवीतनं तो छोटा कॅमेरा काढला, कधी ते मला कळलंही नाही. तीही ओळीतच होती. तोंडात पाणी, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात कॅमेरा. पाणंदीच्या वळणावर ओळ वळली, बायकांचे चेहरे तिच्या समोर आले आणि तिनं बटण दाबलं. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही.

तो फोटो तुमच्यातल्या काहींनी बघितलाय. आमची आई, गाल फुगलेले, डोळ्यांत हसू दाटून आलेलं. मागं पाच जणी, तशाच. अख्ख्या फोटोत एकच हसू आहे आणि ते कुठल्या क्षणी फुटेल सांगता येत नाही. मोठ्या कॅमेऱ्यावर मी तीनशे फोटो काढले होते. त्या एकासमोर सगळे मेलेले.

आता सांगायलाच पाहिजे. नाही का?

कोल्हापुरात एक प्रदर्शन होतं, सहा फोटो मागवले होते. मी पाच माझे घातले आणि सहावा आक्काचा. फॉर्मवर एकच नाव लिहायची जागा होती, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं. प्रत्येक फोटोच्या पाठीवर वेगळी चिठ्ठी चिकटवायची होती. सहाही चिठ्ठ्या मी माझ्या हातानं लिहिल्या. सहावी लिहिताना माझा हात अडखळला नाही — हे मला अजून नीट आठवतंय.

निवड झाली ती त्याच फोटोची. घरचे सगळे बघायला आले. वडील भेटेल त्या पावण्याला सांगत होते, आमच्या पोरानं काढलाय. आक्का फोटोपुढं उभी राहिली. खाली माझं नाव. तिनं ते वाचलं.

“फ्रेम बरी हाय की,” म्हणाली आणि पुढच्या फोटोकडं गेली.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. ती माझ्यापासून दोन हातांवर होती. नंतर तिनं कॅमेरा कधी मागितला नाही, आणि तिला त्यातली आवडच नाही असं मी लोकांना सांगायला लागलो.

त्या फोटोवर मला नोकरी लागली. गावोगावचे सण, कला, कारागीर यांची नोंद ठेवणारी एक संस्था आहे, तिचा मी छायाचित्रकार. महिन्यातले वीस दिवस एसटीत. शिबिरंही घेतो. प्रत्येक शिबिरात तो फोटो पडद्यावर लावायचो आणि सांगायचो, हलका कॅमेरा घ्या, ओळीत मिसळून जा, बघा मी कसा मिसळलो! बायकांच्या ओळीत तुम्ही कसे, असं एका मुलीनं विचारलं, तर त्यालाही माझं उत्तर तयार होतं. आईनं परवानगी दिली होती म्हणे. टाळ्या पडल्या.

गेल्या महिन्यात माझा जुना कॅमेरा बंद पडला. नवा घ्यायचा म्हणून मी पोरासारखा हरखलो होतो. आठवडाभर वही भरली. कुठल्याचं वजन किती, पाऊस कुठला सोसतो, फोनच्याच वायरीवर कुठला चार्ज होतो, सगळ्या लेन्सना एकच फिल्टर बसतो का. आक्काला सुट्टी होती. ती आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीच्या तपासणी विभागात आहे. कास्टिंगवरची केसाएवढी चीर तिला नुसत्या डोळ्यांनी दिसते. म्हटलं, चल, सोबत.

दुकानात मी वही उघडली. दुकानदार आणि मी आकड्यांत रंगलो. आक्कानं काउंटरवरचे तीन कॅमेरे एकेक करून उजव्या हातात घेतले आणि डाव्या हातात स्वतःची पाण्याची बाटली धरली. तसंच दुकानात चालून आली. पहिल्याचं बटण अंगठ्याला पोचेना. दुसरा लेन्सच्या वजनानं नाक खाली घालत होता. तिसरा, सगळ्यात छोटा, बोटभर लेन्सवाला, तिनं चालता चालता उचलला आणि खटकन माझा फोटो काढला.

“ह्यो घे. जवळ जाऊन काढायचं असंल तर हीच लेन्स. लांबचं लागलं तर ती बारकी झूम. तिसरी घेऊ नको, संज्या, हमाल हाय व्हय तू? एक हात मोकळा ऱ्हायला पायजे.”

आठवडाभराची वही एका मिनिटात निकालात! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, आणि लगेच पाणंदीतला तिच्या हातातला तांब्या आठवला. मी तिथंच, काउंटरपाशी बोललो. तो फोटो तुझा आहे आक्का, नाव मी माझं घातलं, मुद्दाम घातलं.

ती स्क्रीनवर माझाच फोटो बघत होती.

“मला म्हाईत न्हाय व्हय? दोन गौरी वाट बघितली, तू सांगशील म्हणून. मग दिलं सोडून.”

दुकानदार बिल करायचा थांबला होता.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेला पत्र लिहिलं. त्यांनी माझी शिबिरं बंद केली. बरोबर केलं. वडिलांना मी समोर बसून सांगितलं. ते उठून म्हशींकडं गेले, अजून माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाहीत.

या आठवड्यात संस्थेच्या दालनात लावलेल्या त्या फोटोखालची नावाची पट्टी बदलली. त्यावर आता लिहिलंय — छायाचित्र : सविता, उचगाव.